जुहू विमानतळ : मोठी विमानं गेली, काम राहिलं

जुहूच्या विमानतळाचा विषय निघाला की मुंबईत एक प्रश्न हमखास येतो. इथून एकही नियमित प्रवासी विमान उडत नाही, मग समुद्राला लागून असलेली एवढी मोलाची जागा कशासाठी अडवून ठेवायची? विचारणारे बहुतेक जण आसपासचेच असतात. विलेपार्ले पश्चिम, सांताक्रूझ पश्चिम, जुहू स्कीम या भागांतल्या कित्येक जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास उंचीच्या मर्यादेत अडकला आहे. गळक्या छताखाली पावसाळा काढणाऱ्या माणसाला १९३२ सालच्या इतिहासाचं कौतुक सांगून भागत नाही. हे मान्य करूनच हे प्रकरण तपासायला हवं.

तपासायचं ते असं. शहरातला सर्वांत जुना विमानतळ आपलं मूळ काम गमावून पाऊण शतक झालं, तरी तो चालू आहे. निव्वळ सवयीने चालू आहे, की त्याच्यावाचून काही अडतं म्हणून? माझ्या मते अडतं म्हणून. पण जुहूचं मोल ठरवताना आपण नेहमी त्याच्या आठवणी पुढे करतो आणि आज तिथे रोज काय चालतं ते सांगत नाही. त्यामुळे वाद वारसाप्रेमी विरुद्ध रहिवासी असा होऊन बसतो, आणि दोन्ही बाजूंच्या हाती काही लागत नाही.

खाजणातला तळ

१९२८ साली जुहूला विमानतळ सुरू झाला. भारतातला हा पहिला नागरी विमानतळ. तेव्हाचं जुहू म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला भरतीच्या पाण्याने भरणारं खाजण, मध्ये माडांची बनं आणि तुरळक वस्ती. त्या काळच्या हलक्या विमानांना लागायची ती सपाट मोकळी जमीन आणि समोरून येणारा वारा. जुहूला दोन्ही होतं. बॉम्बे फ्लाइंग क्लब त्याच सुमारास इथे उभा राहिला. तिथे शिकलेल्या जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. त्यावर क्रमांक होता १.

लंडनहून इम्पीरियल एअरवेजने येणारं टपाल कराचीपर्यंत हवेतून यायचं आणि पुढे आगगाडीत चढायचं. नेव्हिल विन्सेंट या ब्रिटिश वैमानिकाने हेच टपाल कराचीहून मुंबईमार्गे मद्रासपर्यंत विमानाने न्यायची कल्पना टाटांकडे आणली. सरकारने अनुदान द्यायचं नाकारलं, तरी टाटांनी ते काम अंगावर घेतलं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास जे. आर. डी. एक इंजिनाचं छोटं पस मॉथ घेऊन कराचीहून एकटेच निघाले. अहमदाबादला इंधनासाठी थांबले. ते इंधन डब्यांमधून बैलगाडीवर लादून विमानाजवळ आणलं होतं. दुपारी दोनला दहा मिनिटं कमी असताना ते जुहूला उतरले, आणि तिथून विन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. एअर इंडियाची सुरुवात ती हीच.

ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. तिच्यामागचं जुहू कसं होतं ते मात्र फारसं कोणी सांगत नाही. कंपनीचं तिथलं कार्यालय म्हणजे झावळ्यांनी शाकारलेली एक शेड. दोन विमानं, हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढी माणसं, रेडिओ नाही, रात्री उतरायला दिवे नाहीत. १९३३ या पहिल्या पूर्ण वर्षात या विमानांनी सुमारे १,६०,००० मैलांचं उड्डाण केलं, दहा टनांहून जास्त टपाल वाहिलं आणि टपालाच्या पिशव्यांच्या सोबतीने १५५ प्रवासीही नेले. पावसाळा आला की मात्र जुहूचं मैदान पाण्याखाली जायचं आणि सगळा बाडबिस्तरा उचलून पुण्याला हलवावा लागायचा.

ही शेवटची बाब मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची वाटते. जुहू मागे पडलं त्याचं खापर साधारणपणे जेट विमानांवर फोडलं जातं. खरं तर जेट येण्याच्या कितीतरी आधी, खाजणातली सखल जमीन आणि कोकणपट्टीचा पाऊस यांनीच त्याचा निकाल लावला होता. वर्षातले तीन-चार महिने भरवसा नसलेल्या तळावर देशाच्या आर्थिक राजधानीची हवाई वाहतूक उभी राहू शकत नव्हती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पूर्वेला सांताक्रूझला ब्रिटिश हवाई दलाचा तळ होता, तोच आजचा मुंबईचा मुख्य विमानतळ. युद्ध संपल्यावर नागरी विमानांनी तिकडे मुक्काम हलवला. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला निघालं, तोवर जुहूची सद्दी संपत आली होती.

दोन धावपट्ट्यांची गफलत

सांताक्रूझ आणि जुहू यांच्यात अंतर जेमतेम दोन-तीन किलोमीटरचं. त्यातही दोन्हींच्या मुख्य धावपट्ट्या जवळपास एकाच दिशेच्या, पूर्व-पश्चिम. धावपट्टीचा क्रमांक म्हणजे तिची दिशा, अंशांतला शेवटचा आकडा सोडून. सांताक्रूझची ०९, म्हणजे सुमारे ९० अंश. जुहूची ०८, म्हणजे सुमारे ८० अंश. समुद्रावरून येणाऱ्या वैमानिकाला आधी जुहू लागतं. हवा धूसर असली, ढगांतून किनारा एकदम समोर आला आणि पूर्वेकडे जाणारी एक काळी पट्टी दिसली, की डोळे म्हणतात हीच ती.

१५ जुलै १९५३ रोजी असंच झालं. बीओएसी या ब्रिटिश कंपनीचं कॉमेट सांताक्रूझऐवजी जुहूला उतरलं. कॉमेट म्हणजे जगातलं पहिलं प्रवासी जेट, सेवेत येऊन त्याला वर्ष-सव्वा वर्षच झालं होतं, आणि ते ऐन पावसाळ्यात या छोट्या धावपट्टीवर येऊन थांबलं. तिथून ते पुन्हा उडवून बाहेर काढायला नऊ दिवस लागले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअर लाइन्सच्या डीसी-८ ने तीच चूक केली. हे विमान कॉमेटहून बरंच मोठं. ते धावपट्टीच्या टोकाला थांबलंच नाही, पुढे गेलं आणि दुरुस्तीपलीकडे मोडलं. आतली माणसं वाचली हे मोठं नशीब.

हे प्रसंग रंजक म्हणून सांगितले जातात. आजच्या प्रश्नाचा अर्धा उलगडा मात्र त्यांच्यातच आहे. ‘जुहूवरून छोटी प्रवासी विमानं सुरू करा, मुख्य विमानतळाचा ताण हलका होईल’ ही सूचना दर काही वर्षांनी वर येते. २०१० च्या सुमारास तर धावपट्टी पश्चिमेला जुहू तारा रोड ओलांडून समुद्रात वाढवायचा प्रस्तावही चर्चेत होता. कागदावर ते आकर्षक दिसतं. पण मुख्य विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच चालते, आणि तिच्यावरून दिवसाला नऊशेहून अधिक उड्डाणं आणि उतरणं होतं. पश्चिमेकडून उतरणारी आणि पश्चिमेकडे उडणारी प्रत्येक फेरी जुहूच्या माथ्याजवळूनच जाते. म्हणजे जुहूवरून एक विमान सोडायचं तर मोठ्या धावपट्टीवरच्या रांगेत फट पाडावी लागते. नवा ताण त्याच आकाशात येणार असेल तर हलकं काय होणार? दोन तळ आहेत म्हणून आकाशही दोन आहेत असं होत नाही.

हेलिकॉप्टरचं तसं नाही. ते कमी उंचीवरून, ठरवून दिलेल्या वाटेने, मोठ्या विमानांच्या खालून थेट समुद्रावर जाऊ शकतं. जुहूला दुसरं आयुष्य मिळालं ते त्यामुळे.

बॉम्बे हाय

फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगला, म्हणजे समुद्रात तेलविहीर खोदणाऱ्या तरंगत्या यंत्रणेला, मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रतळाखाली तेल सापडलं. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. हे क्षेत्र म्हणजे बॉम्बे हाय, आताचं मुंबई हाय. देशातल्या खनिज तेलाचा मोठा वाटा आजही तिथून येतो. तिथल्या प्लॅटफॉर्मवर आणि रिगवर माणसं कायम राहू शकत नाहीत. ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीची साधारण पद्धत चौदा दिवस कामावर आणि चौदा दिवस घरी अशी आहे. म्हणजे समुद्रातली माणसं सतत बदलत राहावी लागतात. जड सामान आणि काही कामगार न्हावा इथल्या तळावरून बोटीने जातात, पण अधिकारी आणि तंत्रज्ञांची ने-आण मुख्यत्वे हवेतून होते, आणि तिचा तळ जुहू. ऑक्टोबर १९८५ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी हेलिकॉप्टर कंपनीचा, म्हणजे पवनहंसचा, जन्मच या कामासाठी झाला. तिच्यात आज ५१ टक्के वाटा केंद्र सरकारचा आणि ४९ टक्के ओएनजीसीचा आहे. पुढे खासगी कंपन्याही या वाहतुकीत आल्या आणि त्यांनीही जुहूलाच हँगर घेतले.

बाहेरच्या मुंबईकराला ‘पवनहंस’ हे नाव ऐकू येतं ते तिथल्या स्मशानभूमीमुळे, एखाद्या कलावंताच्या अंत्यसंस्काराच्या बातमीत. भिंतीच्या आत काय चालतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. समुद्रात जाणाऱ्या माणसाचं त्याच्या बॅगेसकट वजन होतं, कारण हेलिकॉप्टरमध्ये इंधन आणि माणसं एकाच वजनाच्या हिशेबात बसवावी लागतात. लाइफ जॅकेट चढतं. पाण्यात उतरावं लागलं तर कोणती खिडकी कशी ढकलायची ते पुन्हा सांगितलं जातं. शिवाय या लोकांचं एक वेगळं प्रशिक्षण आधीच झालेलं असतं. हेलिकॉप्टरच्या केबिनसारखा एक साचा तलावात सोडतात, तो उलटा होतो, आणि आत पट्ट्याने बांधलेल्या माणसाने श्वास धरून, पट्टा सोडून, खिडकीतून बाहेर यायचं असतं. डोकं खाली असताना उजवं-डावं कळत नाही, म्हणून एक हात पहिल्यापासून खिडकीच्या चौकटीवर ठेवायचा, असं शिकवतात. नोकरीवर जाण्यासाठी एवढी तयारी करावी लागणारी माणसं या शहरात फार नसतील.

ही तयारी उगाच नाही. १३ जानेवारी २०१८ रोजी जुहूहून निघालेलं डॉफिन हेलिकॉप्टर डहाणूच्या बाजूला समुद्रात कोसळलं. ओएनजीसीचे पाच अधिकारी आणि दोन वैमानिक गेले. २८ जून २०२२ रोजी ‘सागर किरण’ रिगजवळ हेलिकॉप्टर पाण्यात उतरवावं लागलं. नऊ जणांपैकी चौघांचा मृत्यू झाला. ऑगस्ट २००३ मधल्या एमआय-१७२ च्या अपघातात तर वीसहून जास्त माणसं गेली होती. आपल्या स्वयंपाकघरातला गॅस आणि रस्त्यावरचं पेट्रोल यांच्यामागे असलेली ही माणसं जुहूहून निघतात, हे शहराने लक्षात ठेवायला हवं असं मला मनापासून वाटतं.

मग हा तळ दुसरीकडे का नेता येत नाही? ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झाल्यापासून ही सूचना पुन्हा जोर धरते आहे. नकाशा समोर ठेवला की अडचण कळते. तेलक्षेत्र पश्चिमेला आहे आणि नवी मुंबई खाडीच्या पूर्वेला. तिथून निघालेल्या हेलिकॉप्टरला आधी अख्खं शहर ओलांडावं किंवा वळसा घालावा लागेल, दाट वस्तीवरून आणि मुख्य विमानतळाच्या वाटांना छेदत. फेरीमागे अंतर वाढलं की इंधन वाढतं, इंधन वाढलं की आसनं कमी होतात, आसनं कमी झाली की तेवढीच माणसं न्यायला जास्त फेऱ्या लागतात, आणि प्रत्येक जादा फेरी म्हणजे जादा जोखीम. जुहूची धावपट्टी संपते आणि एक रस्ता ओलांडला की समुद्र सुरू होतो. या कामाला याहून सोयीची जागा मुंबईत उरलेली नाही.

आणीबाणीचं गणित तर वेगळंच. २६ जुलै २००५ च्या प्रलयात मुंबई बुडाली आणि दुसऱ्याच दिवशी बॉम्बे हाय नॉर्थच्या प्लॅटफॉर्मला एक जहाज धडकून आग लागली. २२ जणांचा जीव गेला, साडेतीनशेहून अधिक लोकांना भर पावसाळी समुद्रातून वाचवावं लागलं. अशा दिवशी किनाऱ्यावर तयार हेलिकॉप्टर असणं, आणि ते उडू शकेल इतका तळ कोरडा असणं, यावर माणसांचं जगणं-मरणं ठरतं. म्हणूनच समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच असलेल्या जुहूच्या पाण्याच्या निचऱ्याकडे नेहमीची पावसाळी तक्रार म्हणून पाहून चालणार नाही. १९३३ मधला प्रश्न अजून सुटलेला नाही, फक्त आता पुण्याला बिऱ्हाड हलवायची सोय नाही.

शेजार

विमानतळ आला तेव्हा भोवती काही नव्हतं. आज भिंतीला लागून वस्त्या आहेत, पलीकडे बंगले, हॉटेलं, कॉलेजं, नानावटी रुग्णालय. विमानतळाच्या जमिनीवरच्या झोपड्यांचा प्रश्न दशकानुदशकं लोंबकळतो आहे. मेट्रो २ ब चा उन्नत मार्ग या पट्ट्यातून जाताना तिथेही उंचीची अडचण उभी राहिली. आणि ज्या क्लबने या तळाला नाव मिळवून दिलं, त्या बॉम्बे फ्लाइंग क्लबने शिकाऊ वैमानिकांची उड्डाणं धुळ्याच्या विमानतळावर नेली. ते योग्यच झालं. नवशिक्या हातांनी मुंबईच्या आकाशात घिरट्या घालणं आता परवडणारं नाही, आणि त्या निमित्ताने खानदेशातला एक रिकामा पडलेला तळ जागा झाला. अभियंत्यांच्या शिक्षणाच्या रूपाने क्लबचं जुहूशी नातं टिकून आहे.

इतर शहरांनी आपल्या जुन्या विमानतळांचं काय केलं? दिल्लीचं सफदरजंग आता अतिमहत्त्वाच्या व्यक्तींच्या हेलिकॉप्टरांपुरतं उरलं आहे. हैदराबादच्या बेगमपेट आणि बंगळुरूच्या एचएएल विमानतळांची नियमित प्रवासी वाहतूक २००८ मध्ये नव्या तळांकडे गेली. या तिन्हींच्या तुलनेत जुहू वेगळं ठरतं, कारण इथे रोजचं, कष्टाचं, ठरलेल्या वेळापत्रकाचं काम चालू आहे. निवडणुकीच्या हंगामात नेत्यांची हेलिकॉप्टरं इथून उडतात आणि टीव्हीवर तीच दिसतात, त्यामुळे हा श्रीमंतांचा तळ आहे असा लोकांचा समज होतो. रिगवर निघालेला तंत्रज्ञ कॅमेऱ्यात येत नाही.

इतिहासाच्या बाबतीत मात्र आपण कमी पडलो, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. १९८२ मध्ये वयाच्या ७८ व्या वर्षी जे. आर. डीं.नी पहिल्या उड्डाणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त लेपर्ड मॉथ या छोट्या विमानातून कराचीहून पुन्हा जुहूपर्यंत उड्डाण केलं. १५ ऑक्टोबर २०२१ रोजी आरोही पंडित या तरुण वैमानिकेने छोट्या विमानातून भुजहून अहमदाबादमार्गे जुहूला येऊन त्या वाटेला वंदन केलं. असे सोहळे होतात आणि विरून जातात. भारतीय नागरी विमानसेवा जिथे सुरू झाली तिथे शाळेची सहल नेऊन मुलांना दाखवता येईल असं एक दालन, गच्चीवरून धावपट्टी पाहता येईल अशी एक जागा, एवढं तरी असायला काय हरकत आहे? यासाठी धावपट्टीच्या आतली इंचभर जमीनही लागणार नाही.

काय करता येईल

आता सोसायट्यांच्या प्रश्नाकडे. विमानतळाभोवती किती उंच बांधता येईल हे भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या रंगीत नकाशांवरून आणि ना-हरकत प्रमाणपत्रांवरून ठरतं. धावपट्टीच्या दोन्ही टोकांना पंख्यासारखा पसरत जाणारा पट्टा असतो, त्याला सगळे फनेल झोन म्हणतात. हा पट्टा विमान उतरताना जितक्या लांबून हळूहळू खाली येतं त्या हिशेबाने आखलेला असतो. हेलिकॉप्टर तळासाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषांमधले पट्टे तुलनेने बरेच लहान असतात. जुहूचं खरं काम हेलिकॉप्टरचं आहे आणि विमानांची ये-जा तुरळक, तर मर्यादा विमानांच्या मापाने का ठेवायच्या, हा रहिवाशांनी विचारायला हवा असा नेमका प्रश्न आहे. ‘विमानतळ बंद करा’ या मागणीपेक्षा याच्यातून काही हाती लागण्याची शक्यता जास्त आहे.

मात्र यात दोन अडथळे आहेत, आणि ते आधीच सांगितलेले बरे. पार्ल्याच्या आणि सांताक्रूझच्या पश्चिमेकडचा बराच भाग मुख्य विमानतळाच्या मर्यादेतही येतो. तिथे जुहूची रेषा पुसली तरी दुसरी शिल्लक राहील आणि मजले फारसे वाढणार नाहीत. दुसरं म्हणजे भरलेलं मोठं हेलिकॉप्टर नेहमी सरळ वर उचलत नाहीत. एक इंजिन ऐनवेळी बंद पडलं तरी सुखरूप परत टेकता यावं म्हणून पुढे मोकळी पट्टी ठेवून, वेग घेत ते वर नेतात. त्यामुळे धावपट्टी उखडून चार हेलिपॅड ठेवा, हा उपाय वाटतो तितका सोपा नाही, आणि समुद्राकडची बाजू तर मोकळीच ठेवावी लागेल.

म्हणून गल्ली-गल्लीचा हिशेब मांडायला हवा. कोणत्या इमारतीवर फक्त जुहूची मर्यादा आहे, कोणत्या दोन्हींच्या कचाट्यात आहेत, आणि विमानांची तुरळक ये-जा थांबवली तर नेमक्या कोणाला किती मीटर मिळतील, हे प्राधिकरणाने आणि महापालिकेने एकत्र बसून काढावं आणि नकाशासकट मराठीत जाहीर करावं. ज्यांना काहीच मिळणार नाही अशा सोसायट्यांना तसं लेखी सांगावं, म्हणजे त्यांना बिल्डरांच्या आश्वासनांवर आणखी दहा वर्षं काढावी लागणार नाहीत, आणि वाढीव चटईक्षेत्र जागेवर वापरता येत नसेल तर त्याचा मोबदला दुसरीकडे कसा मिळेल याची बोलणी राज्य सरकारशी आजच सुरू करता येतील.